समाजमाध्यमांवरील वैयक्तिक माहिती आणि 'कोण पाहू शकेल?' हा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास (२००४ ते २०२५)

प्रस्तावना

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात माहिती तंत्रज्ञानाच्या प्रसारामुळे जी नवी सामाजिक साधने उदयास आली, त्यांत समाजमाध्यमांचे स्थान महत्त्वाचे आहे. जन्मतारीख, छायाचित्र, शिक्षण, नोकरी, नातेसंबंध, प्रवास, मते आणि आवडीनिवडी ही पूर्वी घरात किंवा मित्रमंडळींत राहणारी माहिती या माध्यमांमुळे लिखित आणि टिकाऊ स्वरूपात साठू लागली. अशा प्रत्येक नोंदीबरोबर एक साधा प्रश्न येतो : ही नोंद कोण पाहू शकेल?

या प्रश्नाकडे आपल्याकडे बहुधा तांत्रिक कौशल्याचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. वर्तमानपत्रांतील सदरे, पोलिसांचे जनजागृती कार्यक्रम आणि महाविद्यालयांतील कार्यशाळा यांतून 'सेटिंग्ज बदला आणि सुरक्षित राहा' असा सल्ला दिला जातो. या सल्ल्यात तथ्य आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकापुढे वेगळे प्रश्न उभे राहतात. ही सेटिंग्ज केव्हा आणि कोणत्या कारणाने निर्माण झाली? त्यांनी कोणाची नजर रोखली आणि कोणाची मोकळी ठेवली? आणि वापरणाऱ्याने काहीच बदलले नाही, तर त्याच्या वतीने निर्णय कोण घेत आला? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. समाजमाध्यमांवरील गोपनीयतेच्या नियंत्रणांचा विकास कालक्रमाने समजून घेणे.
२. या विकासामागील कारणांचा आणि सामाजिक व कायदेशीर दबावांचा शोध घेणे.
३. भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, अनुभवाच्या प्रकाशात या नियंत्रणांच्या मर्यादा स्पष्ट करणे आणि महाविद्यालयांची जबाबदारी अधोरेखित करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. फेसबुक हे माध्यम मुख्य उदाहरण म्हणून निवडले आहे. कारण गेली वीस वर्षे ते अखंड चालू आहे आणि त्यातील प्रत्येक मोठ्या बदलाची जाहीर चर्चा झालेली आहे. ऑर्कुट व व्हॉट्सअ‍ॅप यांचा विचार आवश्यक तेथे केला आहे. न्यायालयीन निर्णय, नियामक संस्थांचे आदेश आणि कंपन्यांच्या जाहीर घोषणा हा विवेचनाचा आधार आहे.

१. पूर्वपीठिका

'खासगी' हा शब्द मराठीत जुना आहे. होळकर संस्थानात राज्याच्या महसुलास 'दौलत' आणि राजघराण्यातील स्त्रियांच्या स्वतंत्र मालमत्तेस 'खासगी' असे म्हणत. अहिल्याबाई होळकरांच्या धर्मकार्याच्या संदर्भात हा भेद अभ्यासकांना परिचित आहे. म्हणजे खासगी असणे हे सत्ताधारी घराण्याचे वैशिष्ट्य होते. तो सर्वसामान्य प्रजाजनाचा हक्क नव्हता.

सामान्य माणसाच्या बाबतीत हा प्रश्न टपालाबरोबर व्यवहारात आला. १८७९ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू झाले. पोस्टकार्ड पोस्टमन वाचू शके, शेजारी वाचू शके; ज्या घरात साक्षर कोणी नसे, तेथे ते परक्याकडून वाचूनही घ्यावे लागे. स्वातंत्र्योत्तर काळात त्याच्या जोडीला आंतरदेशीय पत्र आले. बंद पाकीट तर होतेच. लग्नाच्या बोलणीचे पत्र पाकिटातून जाई आणि खुशालीचे पोस्टकार्डावरून. कोणती माहिती कोणी पाहावी हे पाठविणारा पत्राच्या प्रकारावरून ठरवी. या व्यवस्थेची दोन वैशिष्ट्ये येथे लक्षात घेतली पाहिजेत. पत्राचा प्रकार पाठविणाऱ्याला आधी माहीत असे आणि पत्र पेटीत टाकल्यावर तो बदलत नसे.

विधिशास्त्रात या विचाराला १८९० मध्ये स्पष्ट रूप मिळाले. सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस यांनी 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'मधील लेखात एकटे राहू देण्याच्या हक्काची मांडणी केली. झटपट छायाचित्रे आणि वृत्तपत्रांची खासगी आयुष्यातील ढवळाढवळ ही त्यामागची तत्कालीन कारणे होती. १९६७ मध्ये ॲलन वेस्टिन यांनी 'प्रायव्हसी अँड फ्रीडम' या ग्रंथात या विचाराला पुढचे वळण दिले. स्वतःविषयीची माहिती केव्हा, कशी आणि कितपत इतरांपर्यंत जावी हे स्वतः ठरविण्याचा दावा म्हणजे गोपनीयता, असे त्यांचे प्रतिपादन होते. समाजमाध्यमांवरील 'कोण पाहू शकेल?' हा प्रश्न या व्याख्येचेच व्यावहारिक रूप होय.

भारतात १९६२ च्या खरक सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी अवैध ठरविल्या. परंतु गोपनीयता हा घटनेने दिलेला हक्क नाही, असेही बहुमताने म्हटले. न्या. सुब्बा राव यांनी त्याविरुद्ध मत नोंदविले. १९९६ मध्ये दूरध्वनी चोरून ऐकण्याच्या प्रकरणात न्यायालयाने सरकारवर कार्यपद्धतीची बंधने घातली. समाजमाध्यमे भारतात आली, तेव्हा या विषयावरील कायद्याची स्थिती अशी अर्धवट होती.

२. बंद वर्तुळाकडून खुल्या मैदानाकडे (२००४ ते २००९)

फेब्रुवारी २००४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात फेसबुक सुरू झाले, तेव्हा सदस्यत्वासाठी महाविद्यालयाचा ई-मेल पत्ता आवश्यक होता. एका संस्थेतील सदस्य मुख्यतः एकमेकांनाच पाहू शकत. त्या काळात गोपनीयतेचे खरे नियंत्रण सेटिंग्जपेक्षा प्रवेशाच्या अटीत होते. वसतिगृहाच्या फाटकावर पहारा असला की खोलीच्या कडीचा विचार फारसा होत नाही, तसे हे होते. २००५ मध्ये शाळकरी विद्यार्थ्यांना आणि सप्टेंबर २००६ मध्ये तेरा वर्षांवरील कोणालाही सदस्यत्व खुले झाले. फाटक उघडले आणि कडीचा प्रश्न निर्माण झाला.

त्याच महिन्यात, ५ सप्टेंबर २००६ रोजी, 'न्यूज फीड' ही सोय आली. मित्रांच्या पानांवर घडणारा प्रत्येक बदल सदस्याच्या पहिल्या पानावर क्रमाने दिसू लागला. लाखो सदस्यांनी फेसबुकवरच गट स्थापून त्याचा निषेध केला. वास्तविक यात नवीन काहीही उघड झाले नव्हते. तीच माहिती पूर्वीही मित्रांना दिसत होती. पण पूर्वी ती पाहण्यासाठी एखाद्याच्या पानावर जावे लागे, आता ती न मागता हाती येऊ लागली. माहिती तीच असली, तरी तिच्या प्रवाहाची रीत बदलली की माणसाला विश्वासभंग झाल्यासारखे वाटते. हेलन निसेनबाउम यांनी २००४ मध्ये 'संदर्भाची अखंडता' या संकल्पनेद्वारे हाच विचार मांडला होता. तीन दिवसांत मार्क झुकेरबर्ग यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि न्यूज फीडसाठी नियंत्रणे दिली. 'आधी बदल, मग निषेध, मग सेटिंग' हा क्रम येथे प्रथम स्पष्टपणे दिसतो.

नोव्हेंबर २००७ मधील 'बीकन' योजनेत त्याची पुनरावृत्ती झाली. सदस्याने इतर संकेतस्थळांवर केलेली खरेदी त्याच्या मित्रांना आपोआप कळू लागली. पत्नीला अचानक भेट द्यावी म्हणून एका गृहस्थाने घेतलेल्या अंगठीची वार्ता पत्नीसह सर्व मित्रांपर्यंत पोहोचल्याचे उदाहरण त्या काळी गाजले. डिसेंबरमध्ये पुन्हा दिलगिरी व्यक्त झाली आणि सदस्याच्या संमतीशिवाय अशी माहिती न देण्याचे ठरले. पुढे सामूहिक दाव्यात ९५ लाख डॉलरची तडजोड होऊन २००९ मध्ये ही योजनाच बंद करण्यात आली.

३. डिफॉल्ट सेटिंगचे सामर्थ्य (२००९ ते २०२१)

सदस्याने काहीही न बदलल्यास जी मांडणी आपोआप लागू राहते, तिला 'डिफॉल्ट सेटिंग' असे म्हणतात. बहुसंख्य लोक ती बदलत नाहीत. म्हणून नियंत्रणांची संख्या किती, यापेक्षा डिफॉल्ट काय, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरतो.

डिसेंबर २००९ मध्ये फेसबुकने सर्व सदस्यांना गोपनीयतेची सेटिंग्ज नव्याने निवडण्यास सांगितले. सुचविलेल्या पर्यायांत 'सर्वांसाठी' हा पर्याय ठळक होता. नाव, छायाचित्र, लिंग, शहर आणि मित्रांची यादी ही माहिती तर 'सार्वजनिक' म्हणूनच गणली गेली. पूर्वी ज्यांनी आपली मित्रयादी झाकून ठेवली होती, तीही उघडी झाली. टपालाच्या भाषेत सांगायचे, तर पाकिटात घालून टाकलेले पत्र पेटीत पडल्यावर पोस्टकार्ड झाले. जानेवारी २०१० मध्ये झुकेरबर्ग यांनी या बदलाचे समर्थन केले. लोक आता अधिक खुलेपणाने माहिती देऊ लागले आहेत आणि सामाजिक संकेतच बदलले आहेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. संकेत आपोआप बदलले की डिफॉल्ट बदलून ते बदलविले गेले, हा प्रश्न मात्र त्यात अनुत्तरित राहिला.

मे २०१० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने केलेली मोजणी बोलकी आहे. संपूर्ण गोपनीयता साधण्यासाठी सदस्याला ५० सेटिंग्जमधील १७० हून अधिक पर्यायांतून जावे लागत होते आणि कंपनीचे गोपनीयता धोरण ५,८३० शब्दांचे, म्हणजे दुरुस्त्या वगळता अमेरिकेच्या राज्यघटनेपेक्षा मोठे, होते. नियंत्रणे वाढली म्हणजे नियंत्रण वाढले असे नव्हे, हे यावरून दिसून येते. त्याच महिन्यात सेटिंग्ज सोपी करण्यात आली आणि ऑगस्ट २०११ मध्ये प्रत्येक नोंदीशेजारी ती कोण पाहणार हे निवडण्याची सोय आली. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २००९ च्या बदलासह अनेक बाबतींत कंपनीने सदस्यांची दिशाभूल केल्याचा आरोप ठेवला. त्यावरील तडजोडीत कंपनीला वीस वर्षे बाह्य तपासणी मान्य करावी लागली.

मे २०१४ मध्ये नव्या प्रौढ सदस्याच्या नोंदींचे डिफॉल्ट 'सर्वांसाठी' ऐवजी 'मित्रांसाठी' असे करण्यात आले. दहा वर्षांच्या इतिहासातील हा कदाचित सर्वांत परिणामकारक बदल होता. आणि त्यासाठी सदस्याला काहीही शिकावे लागले नाही. याच्या उलट बाजूचे उदाहरण मे २०१८ मधील आहे. तांत्रिक दोषामुळे १ कोटी ४० लाख सदस्यांच्या नव्या नोंदींपुढे काही दिवस 'सर्वांसाठी' हा पर्याय आपोआप निवडला जात राहिला. ज्यांनी पूर्वी विचारपूर्वक सेटिंग केले होते, त्यांचीही सावधगिरी वाया गेली.

एप्रिल २०२१ मध्ये सुमारे ५३ कोटी ३० लाख सदस्यांचे मोबाईल क्रमांक व अन्य तपशील इंटरनेटवर उघड्यावर आढळले. त्यांत भारतीयांची संख्या ६० लाखांच्या आसपास होती. क्रमांकावरून व्यक्ती शोधण्याच्या सोयीचा दुरुपयोग करून ही माहिती २०१९ पर्यंतच्या काळात गोळा झाली होती. या प्रकरणी आयर्लंडच्या नियामकाने नोव्हेंबर २०२२ मध्ये २६ कोटी ५० लाख युरोंचा दंड केला. तो युरोपीय कायद्यातील, रचनेतच आणि डिफॉल्टमध्येच गोपनीयता राखण्याच्या कलमान्वये होता, ही बाब महत्त्वाची आहे.

४. मित्राच्या हातातील किल्ली आणि न दिसणारा प्रेक्षक

'मित्र', 'मित्रांचे मित्र' आणि 'सर्व' हे पर्याय फक्त इतर सदस्यांची नजर नियंत्रित करतात. प्रत्यक्षात आणखी दोन दारे होती. पहिले दार मित्राच्या हातात होते. २०१३-१४ च्या सुमारास एखादे अ‍ॅप वापरणारी व्यक्ती स्वतःबरोबर आपल्या मित्रांचीही माहिती त्या अ‍ॅपला देऊ शकत असे. मित्रांना त्याची वार्ताही नसे. मार्च २०१८ मध्ये उघड झालेल्या केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणाचे मूळ येथे आहे. कंपनीच्या हिशेबाप्रमाणे जगभरातील ८ कोटी ७० लाखांपर्यंत सदस्यांची माहिती या मार्गाने गेली असण्याची शक्यता होती. भारतासंबंधीचे आकडे विचार करण्यासारखे आहेत. संबंधित अ‍ॅप भारतात केवळ ३३५ जणांनी घेतले होते. माहिती गेली असण्याची शक्यता असलेल्यांची संख्या मात्र ५,६२,४५५ होती. उरलेल्या साडेपाच लाखांहून अधिक लोकांनी आपली सेटिंग्ज कितीही काळजीपूर्वक तपासली असती, तरी 'मित्रांसाठी' या पर्यायात त्यांना हा धोका दिसला नसता. कंपनीने मित्रांच्या माहितीचा हा मार्ग २०१५ मध्ये बंद केला. जुलै २०१९ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने ५ अब्ज डॉलरचा दंड केला.

दुसरे दार कंपनीचेच. २०११ मध्ये मॅक्स श्रेम्स या ऑस्ट्रियन विधी विद्यार्थ्याने स्वतःविषयीची माहिती कंपनीकडे मागितली, तेव्हा त्याला बाराशेहून अधिक पाने मिळाली. त्यांत त्याने पुसून टाकलेला मजकूरही होता. 'फक्त मी' असा पर्याय निवडलेली नोंदही कंपनीला दिसतच असते. दिलेल्या नियंत्रणांच्या यादीत हा प्रेक्षक कधीच नसतो.

५. भारतीय व महाराष्ट्रीय अनुभव

जानेवारी २००४ मध्ये गुगलने सुरू केलेले ऑर्कुट हे अनेक भारतीयांचे पहिले समाजमाध्यम होते. त्यावरील 'स्क्रॅपबुक' आरंभीच्या काळात कोणाही सदस्याला वाचता येई. सायबर कॅफेत बसून मित्राला लिहिलेला मजकूर गावभर वाचला जाई, ही त्या पिढीची नित्याची आठवण आहे. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले.

ऑर्कुटच्या काळातील एक प्रकरण पुण्याशी निगडित आहे. छत्रपती शिवाजी महाराजांविषयी ऑर्कुटवर आलेल्या अवमानकारक मजकुराच्या तपासात ऑगस्ट २००७ मध्ये पुणे पोलिसांनी बंगळुरू येथील एका अभियंत्यास अटक केली. इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या कंपनीने दिलेली माहिती चुकीची होती. त्या तरुणाचा मजकुराशी संबंध नव्हता. तोपर्यंत त्याचे सुमारे पन्नास दिवस तुरुंगात गेले होते. आपल्याविषयीची तांत्रिक माहिती कोणाकडे जाते हे त्याच्या हाती नव्हते आणि ती चुकली आहे हे सिद्ध करण्याचे साधनही नव्हते.

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे घडलेली घटना अधिक परिचित आहे. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर मत लिहिणाऱ्या तरुणीला आणि त्या मताला पसंती दर्शविणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. पसंतीचे बटण दाबणे हीसुद्धा कोणी पाहील अशी जाहीर कृती आहे, हे अनेकांच्या तेव्हा प्रथमच लक्षात आले. पुढे तो खटला बंद झाला आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरविले. कलम रद्द झाले, तरी तालुक्याच्या गावात आपण लिहिलेले कोण वाचत असेल ही धास्ती मात्र न्यायालयाच्या निर्णयाने संपण्यासारखी नव्हती.

भारतातील स्त्रियांचा अनुभव या इतिहासात स्वतंत्र प्रकरणाच्या योग्यतेचा आहे. चेहऱ्याच्या जागी फूल, देवाचे चित्र किंवा लहान मुलाचे छायाचित्र ठेवणे ही अनेक मुलींनी स्वतः शोधलेली सेटिंगच होती. छायाचित्र उचलून त्याचा दुरुपयोग होईल, या भीतीतून ती निर्माण झाली होती. जून २०१७ मध्ये फेसबुकने भारतातील स्त्री-संस्थांशी चर्चा करून मुख्य छायाचित्र उतरवून घेता येऊ नये अशी सोय प्रथम भारतात आणली. मे २०२० मध्ये संपूर्ण पानाला कुलूप लावण्याची सोय भारतीय सदस्यांना मिळाली. एप्रिल २०१९ मध्ये आपल्याला गटात कोण सामील करू शकेल हे ठरविण्याची मुभा व्हॉट्सअ‍ॅपने दिली. हे बदल स्वागतार्ह आहेत. मात्र सर्वांत सावध असलेल्या घटकाची गरज भागविण्यास फेसबुकला तेरा वर्षे लागली, हेही नोंदविले पाहिजे.

६. कायद्याची वाटचाल

फेसबुकने २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप विकत घेतले आणि ऑगस्ट २०१६ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपची काही माहिती फेसबुकला देण्याचे धोरण जाहीर केले. दोन विद्यार्थ्यांनी त्यास दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे घोषित केले आणि खरक सिंग प्रकरणातील गोपनीयता हा हक्क नाही हे बहुमताचे मत रद्दबातल केले. न्या. श्रीकृष्ण समितीचा अहवाल जुलै २०१८ मध्ये आला. २०१९ चे विधेयक २०२२ मध्ये मागे घेण्यात आले आणि अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून माहिती हाताळणाऱ्या संस्थांवरील बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाच्या आहेत. दरम्यान २०२१ च्या व्हॉट्सअ‍ॅप धोरणाबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला आणि ते प्रकरण अपिलात गेले.

या अधिनियमातील कलम ३ प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेल्या माहितीला हा अधिनियम लागू होत नाही. समाजमाध्यमावर मते मांडताना एखाद्या व्यक्तीने उघड केलेली स्वतःची माहिती, हेच उदाहरण कायद्यात दिलेले आहे. त्याचप्रमाणे एखाद्याने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापरही कायद्याबाहेर ठेवला आहे. परिणामी 'सर्वांसाठी' की 'मित्रांसाठी' या निवडीला आता कायदेशीर अर्थ प्राप्त झाला आहे. माहिती केवळ डिफॉल्टमुळे सार्वजनिक झाली असेल, तर ती व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केली असे मानावे काय? २००९ ते २०१४ चा इतिहास पाहता हा प्रश्न काल्पनिक नाही. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या कायद्यात व्यक्तीच्या कृतीशिवाय तिची माहिती अमर्याद लोकांसाठी खुली होता कामा नये, असे अनुच्छेद २५ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. भारतीय कायद्यात असे थेट कलम नाही.

७. महाविद्यालये आणि आपली जबाबदारी

आतापर्यंतचे विवेचन कंपन्या व शासन यांच्याविषयी झाले. परंतु विद्यार्थ्याच्या माहितीचा आणखी एक धारक आपण स्वतः आहोत. प्रवेशाच्या काळात नाव, प्रवर्ग व मोबाईल क्रमांक असलेल्या याद्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकल्या जातात. गट तयार करताना विद्यार्थिनींचे क्रमांक वर्गातील सर्वांना दिसतात. मूल्यांकनासाठी स्थळ-वेळेच्या नोंदीसह काढलेली छायाचित्रे संकेतस्थळावर वर्षानुवर्षे राहतात.

येथे एक अनुभव नमूद करणे आवश्यक वाटते. एका महाविद्यालयात पारितोषिक वितरणानंतर विजेत्या विद्यार्थिनीचे छायाचित्र नाव, वर्ग व गावासह महाविद्यालयाच्या फेसबुक पानावर, अर्थातच सर्वांसाठी, प्रसिद्ध झाले. दुसऱ्या दिवशी ती विद्यार्थिनी विभागात आली आणि ते काढून टाकण्याची विनंती करू लागली. तिने स्वतःच्या पानाला कुलूप लावले होते आणि मुख्य छायाचित्राच्या जागी जास्वंदीचे फूल ठेवले होते. "सर, मी एवढं जपलं होतं," इतकेच ती म्हणाली. ते छायाचित्र प्रस्तुत लेखकानेच चढविले होते. कौतुकाचा हेतू असल्याने तिला विचारावे असे त्या वेळी सुचले नाही. छायाचित्र काढून टाकले. पण तोवर ते इतरांनी पुढे पाठविले होते. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणातील अनवधानाने किल्ली देणारा मित्र आणि विद्यार्थ्यांचे हितचिंतक शिक्षक यांच्यात या एका बाबतीत फरक उरला नव्हता.

नव्या अधिनियमानुसार माहिती हाताळणारी संस्था ही त्या माहितीची विश्वस्त ठरते. अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती अपेक्षित आहे. शैक्षणिक संस्थांना असलेल्या सवलती मर्यादित आहेत. कनिष्ठ महाविद्यालय संलग्न असलेल्या संस्थांनी हे विशेषत्वाने लक्षात घ्यावे. पूर्ण तरतुदी लागू होण्याची वाट न पाहता तीन गोष्टी आजच करता येतील. पहिली, सार्वजनिक याद्यांतून मोबाईल क्रमांक व प्रवर्ग वगळणे. दुसरी, छायाचित्र प्रसिद्धीसाठी प्रवेशाच्या अर्जातच स्वतंत्र संमती घेणे आणि ती मागे घेण्याची मुभा ठेवणे. या अर्जात 'नाही' हेच डिफॉल्ट असावे. तिसरी, सूचनांसाठी फक्त प्रशासकाला क्रमांक दिसतील अशा प्रसारण सुविधेचा वापर करणे.

निष्कर्ष

१. समाजमाध्यमांवरील गोपनीयतेची अनेक महत्त्वाची नियंत्रणे सदस्यांच्या निषेधानंतर, न्यायालयीन दाव्यांमुळे किंवा नियामकांच्या दबावामुळे अस्तित्वात आली. २००६, २००७, २०१० आणि २०१८ या वर्षांतील घटनाक्रमांतून हे दिसून येते.

२. नियंत्रणांच्या संख्येपेक्षा डिफॉल्ट सेटिंग अधिक निर्णायक ठरले. म्हणून गोपनीयतेचे शिक्षण केवळ 'सेटिंग्ज कशी बदलावीत' यापुरते मर्यादित ठेवणे अपुरे आहे. 'डिफॉल्ट कोण ठरवितो' हा प्रश्न त्यात आला पाहिजे.

३. सदस्याला मिळालेले नियंत्रण मुख्यतः इतर सदस्यांच्या नजरेपुरते आहे. मित्रामार्फत जाणारी माहिती आणि कंपनी, जाहिरातदार व शासन यांची नजर यांवर त्याचा अधिकार चालत नाही; तेथे कायद्याचाच आधार लागतो.

४. भारतीय कायद्याने व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेली माहिती संरक्षणाबाहेर ठेवली आहे. त्यामुळे 'सार्वजनिक' म्हणजे काय याचा अर्थ लावताना डिफॉल्टच्या इतिहासाची दखल घेतली जाणे आवश्यक आहे.

५. महाविद्यालय हेही माहितीचे धारक असल्याने विद्यार्थ्याने स्वतःसाठी निवडलेली मर्यादा ओलांडण्याचा अधिकार त्याला नाही, हेतू कौतुकाचा असला तरीही.

पोस्टकार्ड आणि पाकीट यांतील निवड एके काळी पाठविणाऱ्याच्या हाती होती. ती निवड स्पष्ट होती आणि मागाहून बदलत नव्हती. समाजमाध्यमांच्या वीस वर्षांत सोयी पुष्कळ वाढल्या. पण हे दोन गुण मात्र कमी झाले. ते परत मिळविण्याचा मार्ग वैयक्तिक सावधगिरी, कायदा आणि संस्थांचा विवेक या तिन्हींतून जातो. त्यांपैकी तिसरा भाग तरी आपल्या हाती आहे.